कॅप घासल्यावर जिभेला खरखर का लागते?

प्रश्न : दिवाळीआधी खालच्या दाढेवर झिरकोनियाची पांढरी कॅप बसवली. बसवताना ती उंच लागत होती, म्हणून डॉक्टरांनी तोंडातच थोडी घासली. आता जेवायला काही त्रास नाही, पण जिभेला त्या जागी खरखर जाणवते. झिरकोनिया स्टीलपेक्षा कडक असते म्हणतात. मग ती घासतात तरी कशाने? आणि घासल्यामुळे ती कच्ची तर झाली नसेल ना?
— एक वाचक, कळंब

उत्तर : पत्रात तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. त्यातली सर्वांत महत्त्वाची तुम्ही ओघात लिहून गेलात, ती म्हणजे जिभेला लागणारी खरखर. तिच्यापासूनच सुरुवात करू.

जिभेला फार बारीक फरक कळतो. पृष्ठभागाच्या खडबडीतपणात पाव ते अर्धा मायक्रॉन इतका फरक पडला तरी माणसे तो जिभेने ओळखतात, असे प्रयोगांत दिसले आहे. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) दातावर जिवाणूंचा थर साचण्याच्या बाबतीत 0.2 मायक्रॉन ही सीमा मानली जाते. त्याहून जास्त गुळगुळीत केले तरी थर आणखी कमी होत नाही, पण त्याहून खडबडीत राहिले की तो वाढत जातो. तेव्हा तुमच्या जिभेची तक्रार खरी धरा. कॅप घासली गेली आहे, पण तिला पुन्हा पॉलिश झालेले नाही किंवा अर्धवट झाले आहे, असाच तिचा अर्थ निघतो.

आता घासतात कशाने ते पाहू. पदार्थाचा कठीणपणा मोजण्याचे व्हिकर्स नावाचे एक माप आहे. त्या मापाने दाताचे इनॅमल साधारण 300 ते 350 भरते आणि झिरकोनिया 1200 च्या पुढे जाते. कडक केलेले पोलाद आठशेच्या आसपास थांबते, म्हणजे तुम्ही ऐकलेले खरे आहे. टंगस्टन कार्बाइडची बर, म्हणजे डॉक्टरांच्या यंत्रात फिरणारे घासायचे छोटे टोक, दीडहजाराच्या पुढे असते. कागदावर ती झिरकोनियापेक्षा वरचढ दिसते, पण फरक इतका थोडा आहे की भट्टीतून आलेल्या कॅपवर लावली तर कॅपपेक्षा बरच आधी बोथट होते. हिरा मात्र दहा हजारांच्या घरात आहे. म्हणून भाजून झालेल्या झिरकोनियावर चालते ते हिऱ्याचेच हत्यार. पोलादी दांड्यावर हिऱ्याचे कण धातूने पक्के बसवायचे, ही दंतवैद्यकातली युक्ती जर्मनीत 1932 साली निघाली. 1957 मध्ये हवेच्या झोतावर फिरणारा एअरोटर आला आणि ती गावोगावच्या दवाखान्यांत पोचली. दवाखान्यात बसल्यावर जो किणकिणाट ऐकून अंगावर काटा येतो, तो याच यंत्राचा.

हिऱ्याच्या बरच्या मानेवर एक रंगीत पट्टा असतो. पुढच्या वेळी खुर्चीत बसाल तेव्हा तो जरूर पाहा. काळा आणि हिरवा पट्टा म्हणजे जाड कण, निळा म्हणजे शंभर मायक्रॉनच्या आसपासचे मध्यम कण. लाल पट्ट्याचे कण पन्नासच्या आत, पिवळ्याचे पंचविसाच्या आसपास आणि पांढऱ्याचे त्याहून बारीक. उंच लागणारी कॅप उतरवायची तर लाल किंवा पिवळ्या पट्ट्याची बर, भरपूर पाणी आणि अगदी हलका हात लागतो. घाई असली की हात हिरव्याकडे जातो. काम झटकन होते, पण मागे उरलेले ओरखडे कोणी काढत बसत नाही.

कॅप कच्ची झाली का, या प्रश्नाचे उत्तर जरा विचित्र आहे. झिरकोनिया म्हणजे झिर्कोनियम या धातूचा ऑक्साइड. शुद्ध झिरकोनियाच्या कणांची रचना सुमारे 1170 अंश सेल्सिअसच्या वर एक असते आणि थंड झाल्यावर दुसरी होते. ही दुसरी रचना चार-पाच टक्के जास्त जागा व्यापते, त्यामुळे शुद्ध झिरकोनियाची वस्तू थंड होतानाच तडकते. त्यात थोडे यिट्रियम ऑक्साइड मिसळले की कण थंड झाल्यावरही गरम अवस्थेतल्याच रचनेत अडकून राहतात. आता एखादा बारीक तडा पुढे सरकू लागला, तर त्याच्या टोकाशी असलेले कण ताणामुळे एकदम दुसऱ्या रचनेत जातात, फुगतात आणि तड्याला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. 1975 साली गार्व्ही, हॅनिंक आणि पास्को या ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या तिघांनी हा गुण ‘नेचर’मध्ये मांडला. निबंधाच्या शीर्षकात त्यांनी झिरकोनियाला सिरॅमिक पोलाद म्हटले, पण पुढे प्रश्नचिन्ह ठेवायला विसरले नाहीत.

घासताना हेच पृष्ठभागावर घडते. बारीक हिऱ्याने, पाणी सोडत, हलक्या हाताने घासले तर वरचे काही मायक्रॉन फुगून दाबाखाली येतात आणि कॅपची ताकद थोडी वाढलेलीसुद्धा आढळते. जाड हिऱ्याने कोरडे आणि दाबून घासले, तर ओरखडा त्या दाबलेल्या थराच्या खाली उतरतो आणि तिथून पुढे तडा जायला वाट मिळते. म्हणून घासल्याने कॅप कच्ची होते का, याला हो किंवा नाही असे एक उत्तर देता येत नाही. कोणत्या बरने आणि कसे घासले, यावर ते ठरते. तुमची कॅप दाढेवर आहे आणि थोडीच घासली आहे. ती फुटेल अशी धास्ती घेण्याचे कारण मला दिसत नाही.

इथे एक पोटभेद सांगायला हवा. दाढेसाठी पूर्वापार वापरतात त्या झिरकोनियात यिट्रियाचे, म्हणजे यिट्रियम ऑक्साइडचे, प्रमाण 3 मोल टक्के असते. ती जास्त मजबूत आणि किंचित अपारदर्शक असते. पुढच्या दातांसाठी अलीकडे 5 मोल टक्क्यांची घेतात. तिच्यातून उजेड जास्त आरपार जातो, दात जिवंत दिसतो, पण वर सांगितलेला फुगून तडा दाबण्याचा गुण तिच्यात जवळजवळ उरत नाही. दिसायला देखणी, पण चूक पोटात घालत नाही. पुढच्या दाताची कॅप असती तर मी तुम्हाला लगेच डॉक्टरांकडे पाठवले असते.

आता खरा तोटा कोणाचा? समोरच्या, म्हणजे कॅपवर टेकणाऱ्या वरच्या दाताचा. पुष्कळ लोकांचा समज असा की कॅप जितकी कडक तितका वरचा दात लवकर झिजणार. प्रयोगशाळेतल्या झिजेच्या चाचण्या वेगळे सांगतात. आरशासारखे पॉलिश केलेले झिरकोनिया समोरच्या इनॅमलला फार कमी झिजवते. खडबडीत झिरकोनिया मात्र त्याला कानसते. त्याच्यावर चढवलेल्या ग्लेझचीही तीच कथा. ग्लेझ म्हणजे काचेचा पातळ थर. लॅबमधून येते तेव्हा कॅप त्यामुळे चकाकते आणि पेशंट खूश होतो. पण चावण्याच्या जागेवर हा थर काही काळाने झिजून जातो आणि खालचे झिरकोनिया पॉलिश केलेले नसेल तर ते उघडे पडते. म्हणून चांगला टेक्निशियन आधी चावण्याचा भाग रबराने पुरता पॉलिश करतो आणि ग्लेझ लावायचाच असेल तर त्यानंतर लावतो. केवळ ग्लेझवर भागवणारी लॅब पैसे आणि वेळ वाचवते, आणि त्याची किंमत समोरचा दात मोजतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न जास्त का येतो, त्याला एक साधे कारण आहे. धाराशिव, कळंब, उमरग्याच्या दवाखान्यातले माप किंवा स्कॅन बहुधा लातूर, सोलापूर किंवा पुण्याच्या लॅबला जाते. स्कॅन इंटरनेटवरून क्षणात पोचतो, पण तयार कॅप रस्त्यानेच येते. उंच लागली म्हणून परत पाठवायची तर पेशंट आणखी काही दिवस ताटकळणार. त्यामुळे डॉक्टर ती खुर्चीतच उतरवतात. त्यात चूक काही नाही. फक्त घासल्यानंतरचा टप्पा राहून जातो. झिरकोनियासाठी तोंडात वापरायची हिऱ्याचे कण मिसळलेली सिलिकॉन रबरे बाजारात मिळतात, दोन किंवा तीन पायऱ्यांची. सिमेंटच्या फिलिंगसाठी किंवा जुन्या पोर्सेलेनसाठी असलेली साधी रबरे झिरकोनियावर फिरवून उपयोग नाही. ती रबरे झिजतात, कॅप तशीच राहते.

डॉक्टरांना एवढेच सांगा : ‘घासलेल्या जागेवर झिरकोनियाचे पॉलिशिंग रबर फिरवून द्या.’ थोड्या वेळाचे काम आहे, इंजेक्शन लागत नाही. त्याच बैठकीत निळ्या कागदावर चावून उंची पुन्हा तपासून घ्या. पॉलिश झाल्यावर जीभ फिरवून बघा आणि खरखर गेलेली नसेल तर तसे तिथेच सांगा.

प्रश्न : बारावी सायन्सनंतर डेंटल मेकॅनिकचा कोर्स करतो आहे. एका लॅबमध्ये शिकायला जातो. तिथले सीनियर म्हणतात, झिरकोनिया घासताना ठिणग्या दिसल्या म्हणजे बर नीट चावते आहे. हे बरोबर आहे का? स्वतःची हत्यारे घ्यायची तर कोणती घेऊ?
— एक विद्यार्थी, भूम

उत्तर : ठिणग्या दिसल्या की थांबा. झिरकोनिया उष्णता फार सावकाश वाहून नेते. त्याची उष्णतावाहकता अॅल्युमिनाच्या जवळपास दहाव्या भागाइतकी आहे. त्यामुळे बरच्या टोकाशी झालेली उष्णता तिथेच साचते आणि भोवतीचा भाग थंडच राहतो. एकाच ठिकाणी तापलेले सिरॅमिक तडकते आणि तडा सूक्ष्म असल्यामुळे त्या दिवशी दिसत नाही. पुलाच्या (ब्रिजच्या) दोन दातांमधल्या जोडाच्या खालच्या बाजूला असा तडा पडला, तर पुढे तो पूल नेमका तिथेच मोडतो. चावताना सगळ्यांत जास्त ताण त्याच जागेवर येतो. म्हणून सिंटरिंगनंतर, म्हणजे भट्टीत पक्के भाजल्यावर, जोडाच्या फटीत पातळ डिस्क घालून दात वेगळे दिसावेत म्हणून खोल चीर पाडू नये. ती जागा पूल भट्टीत जाण्याआधीच घडवायची असते.

घासणे आणि फिनिशिंग कधी करायचे, हे हत्यारापेक्षा महत्त्वाचे आहे. मिलिंग मशिनमध्ये लागते ती झिरकोनियाची डिस्क साधारण 98 मिलिमीटर व्यासाची आणि अर्धवट भाजलेली असते, खडूसारखी मऊ. पुढे 1450 ते 1550 अंशांत भाजताना ती प्रत्येक दिशेने सुमारे वीस टक्के आकसते. म्हणून सॉफ्टवेअर कॅप सव्वापट मोठी कापून देते. तुमचा बहुतेक हात या मऊ अवस्थेतच चालला पाहिजे. डिस्कला जोडणाऱ्या काड्या बारीक दातांच्या कार्बाइड बरने, कमी वेगात, कोरड्यानेच कापा. दाढेच्या खाचा इथेच खोल करा, काड्यांच्या खुणा मऊ रबराने पुसून घ्या, भुकटी ब्रशने झाडा. कडेला हात जपून लावा. मऊ झिरकोनियाची पातळ कड नखानेही तुटते. इथे केलेले काम भट्टीनंतर करायचे ठरवले, तर हत्यारे दुप्पट लागतात आणि कॅपवर ओरखडे पडतात ते वेगळेच.

भट्टीबद्दल एक मराठवाडी सूचना. नेहमीचे सिंटरिंग कित्येक तास चालते आणि घरगुती इन्व्हर्टरवर ती भट्टी चालत नाही. वीज गेल्यावर लॅबमध्ये काय सोय आहे, हे नोकरी धरण्याआधी विचारा. भट्टी अर्ध्यात बंद पडली तर सगळा ट्रे पुन्हा करावा लागतो, आणि बोलणी ज्युनियरला बसतात.

हत्यारांचे म्हणाल तर एकदम सगळे घेऊ नका. दांड्यावर हिऱ्याच्या कणांचा एकच थर निकेलने चढवलेल्या बर स्वस्त असतात, पण तो थर गेला की टाकाव्या लागतात. सिंटर केलेल्या हिऱ्याच्या बरमध्ये कण आतपर्यंत मिसळलेले असतात, वरचे झिजले की खालचे उघडे पडतात. सुरुवातीला महाग वाटते, पण झिरकोनियाच्या कामावर परवडते. कॅपच्या आत जिथे ती डायवर (दाताच्या नमुन्यावर) अडकते तिथे बारीक कणांची एक गोल बर लागेल. लॅबमध्ये पाण्याचा टर्बाइन असेल तर भाजलेली कॅप त्यावरच घासा. नसेल तर माइक्रोमोटरचा वेग कमी ठेवा, दाब जवळजवळ देऊ नका आणि बर एका जागी थांबवू नका. हिरवा स्टोन म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. तो झिरकोनियापेक्षा कडक खरा, पण कापतो कमी आणि तापवतो जास्त. पोर्सेलेनसाठी त्याला ठेवा.

पैसे खर्च करायचेच असतील तर रबरांवर करा. जाड, मध्यम आणि बारीक अशा तीन पायऱ्यांचा, झिरकोनियासाठीचा हिऱ्याच्या कणांचा चांगला संच घ्या. पाकिटावर लिहिलेला वेग पाळा. बहुतेक रबरे मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास चांगले काम करतात. माइक्रोमोटर चाळीस हजारांवर नेला तर रबर जळते आणि कॅपवर काळे डाग पडतात. पहिल्या पायरीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय दुसऱ्या पायरीला हात लावू नका. नवशिक्यांची इथेच घाई होते. जाड रबराचे राहिलेले काम बारीक रबर कधीच भरून काढत नाही, ते फक्त ओरखड्यांना चकाकी देते. शेवटी हिऱ्याची पेस्ट आणि ब्रश.

मग जाडीमापक लावून चावण्याच्या जागी भिंत किती उरली ते मोजा आणि लॅबच्या वहीत लिहा. किमान जाडी त्या झिरकोनियाच्या कंपनीने दिलेली असते. 5 टक्क्यांच्या प्रकाराला 3 टक्क्यांपेक्षा जास्त जाडी लागते.

धुळीविषयी कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. कोरडे घासताना तोंडासमोर सक्शन चालू हवेच आणि नाकावर चांगला मास्क हवा. रुमाल चालत नाही. वर्षानुवर्षे अशी धूळ फुप्फुसात घेतलेल्या टेक्निशियनना फुप्फुसाचे आजार होतात, हे वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहे. सक्शन बिघडला आहे आणि काम तातडीचे आहे, असे सांगणाऱ्या लॅबमध्ये तुम्ही शिकायला गेलात तरी टिकायला जाऊ नका.

प्रश्न : तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात मुलांना घेऊन गेले होते. तिथले दगडी मणी काचेइतके गुळगुळीत आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी यंत्र नसताना इतका कठीण दगड घासत कसा असतील?
— एक शिक्षिका, धाराशिव

उत्तर : दातांच्या पत्रांच्या गठ्ठ्यात तुमचे पत्र सापडले आणि ते तिथे शोभलेही. अकीक, कार्नेलियनसारखे दगड क्वार्ट्झच्या कुळातले. पोलादाची सुरी त्यांच्यावर ओरखडा पाडत नाही. त्या काळचे तेर म्हणजे तगर हे व्यापारी गाव. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात तगरहून कापड आणि पैठणहून कार्नेलियन बैलगाड्यांनी भडोचला जात असल्याची नोंद आहे. अशा दगडांवरची पारंपरिक रीत गुजरातेतल्या खंबातच्या कारागिरांनी अलीकडेपर्यंत जपली. दगड आधी मातीच्या भांड्यात तापवायचा, त्याने त्याचा रंग खुलतो आणि टवका काढणे सोपे होते. मग शिंगाच्या हातोडीने हलके ठोके देऊन आकार काढायचा. नंतर खडबडीत दगडावर घासायचे आणि शेवटी कुरुंदाची पूड लाखेत मिसळून केलेल्या चाकावर पॉलिश. भोक पाडायला धनुकलीने फिरवायचे ड्रिल, त्याच्या टोकाला हिऱ्याचे दोन बारीक कण. बारीक मणी तर कातडी पिशवीत पाणी आणि पूड घालून कित्येक दिवस घोळत ठेवत.

आता मागचे उत्तर पुन्हा वाचा. कुरुंदाच्या जागी हिऱ्याची भुकटी आणि लाखेच्या जागी सिलिकॉन रबर ठेवले, तर लॅबचा पॉलिशर तयार होतो. फरक आहे तो पुरवठ्याचा. कारखान्यात हिरा बनवणे 1954 साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकला जमले आणि हिऱ्याची भुकटी दागिन्यांच्या बाजारातून निघून हत्यारांच्या दुकानात आली. त्याआधी बराच काळ कठीण वस्तू घासायला सिलिकॉन कार्बाइड वापरत. एडवर्ड अॅचेसनने तो 1891 मध्ये, हिरा करायच्या खटपटीत असताना, चुकून बनवला होता.

पुढच्या सहलीत मुलांना मण्याचे भोक दोन्ही बाजूंनी बघायला सांगा. दोन्हीकडून पाडत आणल्यामुळे कधीकधी मधोमध किंचित चुकलेले दिसते.

प्रश्न : सासूबाईंना दोन झिरकोनियाच्या कॅप आहेत. त्या रोज मिश्री लावतात. कॅप कडक आहे म्हणून काही होणार नाही, असे त्यांचे म्हणणे. खरे आहे का?
— एक वाचक, तुळजापूर

उत्तर : कॅपला फारसे होणार नाही, हे सासूबाईंचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. पण कॅप जिथे संपते तिथे मूळचा दात आणि हिरडी सुरू होते. ते दोन्ही मिश्रीच्या घासण्याने झिजतात आणि कड उघडी पडून आत कीड शिरते. शिवाय मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, म्हणजे कॅन्सरची जोखीम आलीच. ती बंद करायला सांगा. मऊ ब्रश आणि साधी पेस्ट पुरेशी आहे, आणि दर सहा महिन्यांनी कॅपच्या कडा डॉक्टरांना दाखवा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा जखम पंधरा दिवसांत भरली नाही, तर सहा महिने थांबू नका, त्याच आठवड्यात जा.